रानातले संथ, मार्गदर्शित वनभ्रमण: आईला त्याचा खरोखर उपयोग होईल का?

प्रश्न: मांजराकाठ, लातूर

माझ्या आईचे वय ६६ वर्षे असून वडील गेल्यापासून ती लातूरला माझ्याजवळ राहते. तिला रक्तदाबाची गोळी सुरू आहे आणि गुडघेही दुखतात. पण सर्वांत मोठा त्रास म्हणजे पहाटे तीनच्या सुमारास तिला जी जाग येते, त्यानंतर डोळा म्हणून लागत नाही. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात काय करायला हवे होते आणि काय राहून गेले, याचाच हिशेब ती अंथरुणात पडल्या पडल्या मांडत राहते. सगळ्या तपासण्या झाल्या असून काळजी करण्यासारखे काही निघालेले नाही. डॉक्टरांनी ‘बाहेर पडा, थोडे चाला’ असे सांगितल्यावर आम्ही सकाळी कॉलनीच्या रस्त्यावर चालू लागलो. परंतु दुचाक्या, मोकाट कुत्री आणि दर चार पावलांवर भेटून तीच ती विचारपूस करणारी माणसे, यांमुळे ती घरी परतते तेव्हा गेली त्याहून अधिक थकलेली असते.

एका परिचितांकडून असे कळले, की छत्रपती संभाजीनगरच्या बाजूला मार्गदर्शकासोबत जंगलात अगदी हळू चालण्याचे उपक्रम होतात. दोन-अडीच तास चालायचे, मध्येच थांबायचे, झाडाखाली बसायचे, बोलायचे नाही, असे त्याचे स्वरूप असून जपानमध्ये ही पद्धत फार रुळलेली आहे म्हणतात. शुल्क माणशी दीड हजार रुपयांच्या घरात आहे. माहितीपत्रकात मात्र ताण कमी होण्यापासून रक्तदाब आटोक्यात येण्यापर्यंत आणि कर्करोगाशी लढणाऱ्या पेशी वाढण्यापर्यंत इतके काही लिहिले आहे, की ते वाचूनच मन साशंक झाले.

यांतले खरे किती आणि जाहिरातीचे किती, हे मला जाणून घ्यायचे आहे. शिवाय जपानची सदाहरित, दमट जंगले कुठे आणि आपले मराठवाड्याचे उघडेबोडके रान कुठे! इथे तो परिणाम मिळेल का? लातूर जिल्ह्यात तर जंगल जवळजवळ नाहीच. आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘जन्मभर रानातच राबले, आता पैसे देऊन रान बघायला कशाला जायचं?’ तिच्या या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: गोदातीर, नांदेड

ताई, मी नांदेडला वैद्यकीय व्यवसाय करतो, त्यामुळे प्रथम माहितीपत्रकातल्या दाव्यांविषयी लिहितो.

जपानच्या वनखात्याने १९८२ साली हा उपक्रम जाहीरपणे सुरू केला आणि नागानो प्रांतातील आकासावा येथील हिनोकी वृक्षांचे जुने जंगल त्याचे पहिले ठिकाण ठरले. त्यामागे शहरी माणसाच्या ताणाची चिंता होती, तसाच जंगले राखण्यासाठी लोकांना जंगलाशी जोडून घेण्याचा हेतूही होता. मोजमापे पुढच्या दोन-अडीच दशकांत आली. त्यांतला एक मोठा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. जपानमधल्या २४ जंगलांत तरुण स्वयंसेवकांचे दोन गट करण्यात आले. एक गट जंगलात आणि दुसरा शहरात थोडा वेळ बसला व चालला, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी जागा बदलल्या. जंगलात असताना लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी आढळले, नाडी मंदावली आणि शरीराला विसावा देणाऱ्या चेतासंस्थेचे काम वाढलेले दिसले. रक्तदाबही उतरला; मात्र सरासरी फरक दोन टक्क्यांच्या आतला होता. १४० चा रक्तदाब दोन टक्क्यांनी उतरला तर १३७ होतो. हे वाईट नाही, पण त्याच्या जोरावर गोळी बंद करणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. एका फेरीतला असा उतार किती काळ टिकतो, हा आणखी वेगळा प्रश्न.

कर्करोगाशी लढणाऱ्या पेशींचा दावा टोकियोतील निप्पॉन मेडिकल स्कूलमधील डॉ. चिंग ली यांच्या प्रयोगांवरून आलेला आहे. त्यांनी मोजक्या माणसांना दोन-तीन दिवस जंगलात नेऊन रक्तातील ‘नॅचरल किलर’ पेशींची क्रियाशीलता मोजली. ती वाढलेली आढळली आणि काही दिवस टिकलीही. झाडे हवेत जी सुगंधी द्रव्ये सोडतात, त्यांचा यात वाटा असावा असे त्यांचे म्हणणे आहे. पहिल्या प्रयोगात अवघे १२ पुरुष होते. प्रयोगशाळेतील एका मोजमापात वाढ होणे आणि माणसाचा रोग टळणे किंवा बरा होणे, यांत फार मोठे अंतर असते. ते अंतर कोणीही ओलांडून दाखवलेले नाही, म्हणून माहितीपत्रकातले ते वाक्य आपण खुशाल खोडून टाकावे.

तुमच्या आईच्या दृष्टीने मला अधिक मोलाचा वाटतो तो स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०१५ सालचा अभ्यास. त्यात ३८ निरोगी माणसांपैकी काहींना दीड तास झाडाझुडपांच्या भागात आणि काहींना रहदारीच्या रस्त्याकडेने चालायला लावले. पहिल्या गटात स्वतःविषयीचे तेच ते नकोसे विचार घोळवण्याचे प्रमाण कमी झाले आणि मेंदूच्या ज्या भागाचा अशा घोळवण्याशी संबंध जोडला जातो, तिथली हालचालही मंदावली. पहाटे तीन वाजता आई जे करते, ते नेमके हेच आहे. अभ्यास लहान होता आणि माणसे शोकात नव्हती, हे ध्यानात ठेवूनही दिशा आश्वासक वाटते. कॉलनीचा रस्ता आणि रान यांत आईला जो फरक जाणवेल, तो केवळ मनाचा खेळ नसावा.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. औषध दिले की नुसतीच साखरेची गोळी दिली हे रुग्णापासून लपवता येते. जंगलात नेले की शहरात, हे कोणापासून लपवणार? कॉर्टिसॉलवरील अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या एका २०१९ सालच्या आढाव्यात असे दिसले, की जंगलात जाणाऱ्यांचे कॉर्टिसॉल जंगलात पाऊल टाकण्याआधीच काहीसे उतरलेले असते. आपण कुठेतरी छान जागी चाललो आहोत या अपेक्षेचाही त्यात वाटा असणार. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर यात तक्रार करण्यासारखे काही नाही. फक्त सगळे श्रेय झाडांच्या वासाला देऊ नये.

किती वेळ घालवावा, याचाही अंदाज हाताशी आहे. इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत आठवड्याला एकूण १२० मिनिटे किंवा त्याहून अधिक काळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती व समाधान अधिक चांगले असल्याचे सांगितले, मग तो वेळ एकदम घालवलेला असो की तुकड्या-तुकड्यांनी. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. ज्यांची प्रकृती मुळातच बरी आहे ती माणसे जास्त बाहेर पडत असतील, हेही शक्य आहे. तरीही वर्षातून एकदा दीड हजार मोजून येण्यापेक्षा दर आठवड्याला दोन तास जवळच्या झाडीत घालवणे अधिक शहाणपणाचे, असे माझे मत आहे.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहत असेल, जेवणावरची वासना उडाली असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा तोंडी येत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. शासनाची ‘टेली मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा मराठीतूनही बोलते. रान हे उपचाराच्या जोडीला चालते, उपचाराऐवजी चालत नाही.

उत्तर: दुधनेपल्याड, जालना

वरील डॉक्टरसाहेबांनी अभ्यासाचा नीट समाचार घेतला आहे, पण ताईंच्या आईने विचारलेला प्रश्न तसाच राहिला. आमच्याकडच्या बाया डोक्यावर सरपणाचे भारे घेऊन रोज रानातून चालतात. उन्हाळ्यात पाण्यासाठी मैलभर जातात. त्यांचा ताण या मोजमापांनुसार कधीच नाहीसा व्हायला हवा होता. शेतकऱ्याचे आयुष्य तर उघड्यावरच जाते आणि तरीही या आठ जिल्ह्यांत कर्जापायी किती घरे उजाड झाली, हे मी नव्याने सांगायला नको. रान पाहिल्याने मन शांत होते हे ज्याला रानात काही कमवायचे-गमवायचे नाही, त्याच्यापुरतेच खरे आहे, असे मला वाटते.

मी स्वतः शेती करतो. सोयाबीनच्या फडात उभा असलो की मला शेंगा किती भरल्या, अळी कुठे लागली, ढग कुठल्या दिशेला सरकले, हेच दिसते. पाखरू ओरडले तरी ते पीक खाणारे आहे का, एवढेच मनात येते. म्हणून दीड हजार रुपयांच्या या उपक्रमाची मी टिंगलच करणार होतो. परंतु लिहिता लिहिता असे वाटले, की दुसऱ्याच्या शिवारातल्या बांधावर जाऊन नुसता बसलो आहे, असे माझ्या आयुष्यात फारसे घडलेले नाही. ताईंच्या आईच्याही वाट्याला ते आले नसावे. तेव्हा पैसे रान बघण्याचे नसून रानात कामाशिवाय जाण्याचे असतील, तर गोष्ट वेगळी. पण मग त्याला मार्गदर्शक कशाला लागतो, हे मला अजून उमगलेले नाही.

उत्तर: जाळरेषा, किनवट

मी वनखात्यात वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा मोठा काळ किनवट-माहूर पट्ट्यात गेला. औषधी गुणांबद्दल मी बोलणार नाही. कुठे जावे आणि केव्हा जावे एवढेच लिहितो, कारण आपल्याकडे उपक्रम फसतो तो बहुधा याच दोन गोष्टींमुळे.

मराठवाड्यातले जंगल हे शुष्क पानझडीचे, आणि बऱ्याच ठिकाणी नुसते काटेरी झुडपी रान. फेब्रुवारीपासून साग पाने टाकू लागतो, एप्रिलमध्ये डोक्यावर सावली उरत नाही आणि पायाखाली पाचोळा असा वाजतो, की दहा माणसे चालली तर पाखरू जागेवर राहत नाही. त्या दिवसांत वणव्याचाही धोका असतो. पळस फुललेला पाहायला फाल्गुनात जरूर जावे, पण ६६ वर्षांच्या बाईला दोन तास रानात बसवण्याचा तो काळ नव्हे. पावसाळ्यात हिरवे गच्च असते. तेव्हा निसरडे नाले, डास आणि साप यांची काळजी घ्यावी लागते. आश्विन-कार्तिकात गवत छातीपर्यंत येते आणि कुसळे लुगड्याच्या काठाला अशी चिकटतात, की माणूस बसला की तासभर तीच वेचत राहतो. आईंना सलवार किंवा जाड सुती पायजमा घालायला लावा, आणि मोजे गुळगुळीत कापडाचे असू द्या.

या सगळ्यातून वाट काढायची तर दिवाळीनंतरचे आठ-दहा आठवडे उत्तम. सागावर पाने असतात, ओढ्यांत थोडे पाणी असते आणि ऊन सोसवते. त्यातही एक अडचण आहे, ती म्हणजे खाजकुइली. तिच्या शेंगा थंडीत वाळू लागल्या, की वाऱ्याने तिची लव उडते आणि अंगाची आग आग होते. वेल ओळखणारा माणूस सोबत हवा, तो यासाठी. दुधनेपल्याड यांनी मार्गदर्शक कशाला असे विचारले आहे. निदान आमच्या बाजूने त्याचे उत्तर हे आहे.

दुसरे उत्तर जनावरांचे. कन्नडकडच्या गौताळा अभयारण्यात बिबट्या आणि अस्वल आहे. २०२१ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वरचा एक वाघ शेकडो किलोमीटर चालत गौताळ्यात आला होता, आणि २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंगच्या परिसरात पोहोचला. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. वाघ-बिबटे माणसाला टाळतात. पण भल्या पहाटे एकट्या-दुकट्याने, तेही न बोलता, झुडपांत बसून राहणे बरे नाही. अस्वलाला माणसाची चाहूल आधी लागलेली चांगली. अभयारण्यात जाण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी, ठरलेल्या वेळेतच आत जावे, आणि स्थानिक वाटाड्या मिळाला तर घ्यावा.

आग्या मोहोळ हा तिसरा धोका. मोठ्या झाडांवर आणि कड्यांना ती लोंबत असतात. उग्र अत्तर, धूर आणि आरडाओरड यांनी माश्या उठतात. देवदर्शनाला म्हणून नटूनथटून निघालेल्या मंडळींवर हा प्रसंग ओढवलेला मी पाहिला आहे, म्हणून सुगंधी तेल आणि अत्तर घरीच ठेवावे.

आता जागा. लातूरहून मुरूड-ढोकी रस्त्याने येडशी तुम्हाला सोयीचे आहे. तिथले रामलिंग घाट अभयारण्य १९९७ चे असून क्षेत्र २२ चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे लहानच आहे. खोऱ्यात महादेवाचे देऊळ आहे. श्रावणात आणि सोमवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि माकडे पिशवी हिसकावतात. एरवी मधल्या वारी सकाळी शांतता असते. देवळाकडे उतरणाऱ्या पायऱ्या गुडघ्यांना जड जातील, म्हणून वरच्या सपाटीवरच थांबावे. जंगलात जाळरेषा म्हणून वणवा अडवण्यासाठी साफ केलेले रुंद पट्टे असतात. दुखऱ्या गुडघ्यांसाठी त्यांच्यासारखी वाट नाही, कारण ना दगड, ना मुळे, आणि समोरचे लांबपर्यंत दिसते. वनरक्षकाला विचारा, तो दाखवील.

त्याहून जवळ हवे असेल तर चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचे संजीवनी बेट (छोटी टेकडी) आहे. वनौषधींसाठी त्याची ख्याती असून उत्तरा नक्षत्रात तिथे लोकांची रीघ लागते, तेवढे दिवस टाळावेत. उदगीरकडे हत्तीबेट आहे. ही काही घनदाट जंगले नव्हेत, पण बसण्याजोगी झाडे आणि शांतता मिळेल. खरे जंगल पाहायचे असेल तर किनवट किंवा गौताळा. १९८६ साली अभयारण्य झालेला गौताळा कन्नड तालुक्यात आणि थोडा जळगाव जिल्ह्यात असा पसरलेला आहे. लातूरहून तो एका दिवसात करून येण्याजोगा नाही; सहा-सात तास गाडीत बसून दोन तास संथ चालण्याला काही अर्थ नाही.

उत्तर: सालई, छत्रपती संभाजीनगर

अशा फेऱ्या मी स्वतः घेते, त्यामुळे माझे म्हणणे थोडे पक्षपाती असणार हे आधीच सांगून टाकते. ताईंनी पाहिलेले माहितीपत्रक माझे नाही, आणि त्यातला पेशींचा मजकूर पाहून मलाही वाईट वाटले.

दुधनेपल्याड दादांचा प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. मार्गदर्शकाचे काम झाडांची नावे सांगण्याचे नसते. ते वनस्पतितज्ज्ञाचे काम, आणि ज्या फेरीत नावे सांगितली जातात त्या फेरीत माणसे वह्या काढून लिहू लागतात. मार्गदर्शक चालण्याचा वेग खाली ओढतो. मराठवाड्यातला माणूस, विशेषतः बाई, रिकामी बसली की तिला अपराधी वाटते. कोणीतरी ‘आता वीस मिनिटे इथे बसा, काही करू नका’ असे सांगितल्याशिवाय ती बसत नाही. घरातल्या लेकीने हे सांगितले तर ती ऐकत नाही, परक्या माणसाने वेळ लावून सांगितले तर ऐकते. मला तरी गेल्या काही वर्षांत हेच दिसले आहे. याशिवाय घड्याळ, जनावर, वाट आणि पाणी यांची काळजी दुसऱ्यावर सोपवल्यामुळे डोके मोकळे होते. ज्याला सतत मागे वळून पाहावे लागते, त्याचे कॉर्टिसॉल कुठले उतरणार?

आमची फेरी साधारण सव्वादोन तासांची असते आणि तेवढ्या वेळात आम्ही जेमतेम एक किलोमीटर चालतो. सुरुवातीला फोन बंद करून एका पिशवीत जातात. मग सगळे उभे राहून फक्त ऐकतात: आधी लांबचा आवाज, मग जवळचा, मग स्वतःच्या श्वासाचा. कधी तांबट पक्ष्याची टुक-टुक सुरू असते आणि टकाचोर मध्येच भलताच गोड आवाज काढतो. त्यानंतरचा टप्पा सर्वांत हळू. चालताना प्रत्येकाने हलणारे काहीतरी पाहायचे, एवढेच सांगते. पहिली दहा मिनिटे माणसे वाघ शोधत असल्यासारखी दूर पाहतात; नंतर नजर हळूहळू जवळ येते आणि पानावरची मुंगी, कोळ्याचा एक सुटा धागा, उन्हात तरंगणारी गवताची म्हातारी दिसू लागते.

पावसाळा सरत आला, की सागाच्या पानांवर एक अळी पडते. ती शिरांमधला हिरवा गर तेवढा खाते आणि शिरा तशाच ठेवते, त्यामुळे सुपाएवढ्या पानाची नुसती तपकिरी जाळी उरते. अशी गळून पडलेली जाळी मी प्रत्येकाच्या हातात देते आणि तिच्यातून आकाशाकडे पाहायला सांगते. शेतकरी कुटुंबातली माणसे आधी ‘कीड लागलीय’ म्हणतात, आणि नंतर मुख्य शिरेतून फुटलेल्या बारीक शिरा, त्यांतून फुटलेल्या आणखी बारीक, असे बोटाने मोजत बराच वेळ गप्प होतात. सालईच्या खोडाशीही मी हमखास थांबते. तिची साल कागदासारखी पातळ सुटते आणि डिंकाला उदाचा वास असतो. गोदातीर सरांनी लिहिलेल्या सुगंधी द्रव्यांपैकी अल्फा-पायनीन हे या डिंकातही असते. ते हवेतून किती मिळते याचा हिशेब मी मांडत नाही. पण आपल्या रानाला वास नाही असे कोणी म्हणाले, तर त्याला सालईपाशी नेऊन उभे करावे.

शेवटी प्रत्येकजण आपापल्या झाडाखाली एकेकटा बसतो. मात्र मला सगळे दिसतील इतक्या अंतरावर, हे जाळरेषा काकांनी सांगितलेल्याच कारणासाठी. मग गोल करून गवती चहा होतो. बोलायचे असेल त्याने बोलावे, नसेल त्याने ऐकावे. शोकात असलेली माणसे या टप्प्यावर कधी रडतात. तिथे मार्गदर्शकाने उपदेश केला, किंवा ‘आता मोकळे वाटले ना’ असे विचारले, की सगळे बिघडते. मला समुपदेशनाची पदवी नाही. मी पाणी पुढे करते आणि गप्प राहते. ज्याला याहून अधिक मदतीची गरज दिसते, त्याच्या घरच्यांशी नंतर बाजूला बोलते.

मार्गदर्शक निवडताना सावध राहा. दक्षिण कोरियात या कामासाठी शासनाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. आपल्याकडे तशी सक्ती नाही. आपल्याकडे उत्तराखंडच्या वनखात्याने २०२१ मध्ये राणीखेतजवळ १३ एकरांवर वन-उपचार केंद्र सुरू केले, पण ते चिडाचे, थंड हवेचे जंगल आहे आणि तिथली सगळीच पद्धत इकडे चालणार नाही. त्यामुळे गटात माणसे किती, प्रत्यक्ष चालायचे अंतर किती, वनखात्याला कळवले आहे का, प्रथमोपचाराची पेटी व जवळचा दवाखाना ठाऊक आहे का, हे विचारून घ्यावे. दहाहून अधिक माणसे असतील तर ती सहल झाली. आणि जो आजार बरा करण्याची हमी देतो, त्याच्याकडे जाऊ नये.

मांजराकाठ, लातूर

सर्वांचे मनापासून आभार. संध्याकाळी ही उत्तरे आईला वाचून दाखवली. जालन्याच्या दादांचे म्हणणे तिला सगळ्यांत पटले आणि ‘त्याला म्हणावं, मलाबी बांधावर बसायला कुणी सांगितलं नव्हतं’ असा निरोप तिने द्यायला लावला आहे. सागाच्या जाळीचे वर्णन ऐकून ती म्हणाली, की ती पाने तिने पाहिलेली आहेत, फक्त हातात धरलेली नाहीत.

सध्या एवढे ठरले आहे, की संभाजीनगरपर्यंतचा प्रवास करायचा नाही. दर रविवारी वडवळच्या बेटावर जायचे आणि दिवाळीनंतर एकदा येडशीला. दोन शंका उरल्या आहेत. आईला दम्याचा किंचित त्रास आहे. रानात गेल्याने तो वाढेल का? आणि मार्गदर्शक नसेल तर तिला हळू चालवण्याचे काम मी करू शकेन का, कारण माझाच पाय सारखा पुढे पडतो.

उत्तर: गोदातीर, नांदेड

दम्याच्या बाबतीत रानापेक्षा रानाच्या कडेची भीती अधिक आहे. रस्त्यालगत आणि पडीक जमिनीवर पावसाळ्यापासून गाजरगवत माजते. त्याच्या परागकणांनी दमा आणि त्वचेचा दाह दोन्ही वाढू शकतात. गाडी उभी केल्यावर त्या पट्ट्यातून नाकाला रुमाल लावून लवकर पुढे जावे आणि बसायची जागा निवडताना आसपास ते नाही ना, हे पाहावे. श्वासातून घ्यायचे औषध गाडीत ठेवू नका, जवळ ठेवा. थंडीतली अगदी भल्या पहाटेची गार हवा दमेकऱ्याला सोसत नाही, म्हणून ऊन थोडे वर आल्यावर, साडेआठ-नऊच्या सुमारास निघावे. जाळरेषा यांच्या वाघ-बिबट्यांच्या सूचनेलाही ते धरून आहे. रक्तदाबाची गोळी नेहमीच्या वेळीच द्या, आणि ती लघवीवाटे पाणी काढणारी असेल तर पाण्याची बाटली अधिक बाळगा.

उत्तर: सालई, छत्रपती संभाजीनगर

ताई, तुम्ही आईच्या मागे चाला. पुढे चालणाराच वेग ठरवतो. आई पुढे असली की तिच्या गुडघ्यांना झेपेल तोच वेग राहील आणि तुमचा पाय आपोआप आवरेल. सुरुवातीला पाऊण तास पुरे. त्यातली शेवटची वीस मिनिटे नुसते बसण्यासाठी राखून ठेवा, आणि जमिनीवर बसून उठणे जड जात असेल तर घडीची खुर्ची न्या, त्यात कमीपणा काही नाही. दर वेळी तीच वाट, तेच झाड निवडा. नव्या जागेच्या शोधात निम्मा वेळ जातो, आणि ओळखीच्या झाडात आठवड्याभरात काय बदलले हे आई स्वतःच सांगू लागेल. बसल्यावर वडिलांचा विषय निघाला तर तो अडवू नका, आणि निघाला नाही तर तुम्ही काढू नका. येडशीला जाण्याचे नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ठरवा, म्हणजे गवत जरा वाळून बसलेले असेल आणि खाजकुइलीच्या शेंगा अजून फारशा उकललेल्या नसतील. आदल्या दिवशी वनरक्षकाला फोन करून वाट विचारून घ्या.